तंबोरे घडवून आणि विकून संसार चालतो का? एका तरुण सुताराच्या पत्राला उत्तर

तुम्ही पत्रात विचारलेले प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. तुमचे वय चोवीस, गाव साताऱ्याजवळचे, आयटीआयमधून सुतारकाम शिकलेले, गेली चार वर्षे फर्निचरच्या कारखान्यात नोकरी, आणि लहानपणापासून गावच्या भजनी मंडळात गाणे. वाद्ये घडवणे आणि विकणे हा व्यवसाय करावा असे मनात आहे. त्यात पोट भरेल का, हा पहिला प्रश्न. वडिलांनी बाजूला ठेवलेल्या तीन लाखांत साताऱ्यात दुकान घालून तयार माल विकावा की आधी कोणाकडे राहून काम शिकावे, हा दुसरा. मोबाइलमध्ये तानपुरा वाजत असताना खरा तंबोरा पुढे कोण घेणार, ही वडिलांची शंका हा तिसरा. शेवटी, जणू सहज सांगावे तसे, तुम्ही लिहिले आहे की देवळातल्या वीणेचा भोपळा तडकला होता, तो तुम्ही लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरून बुजवला, आणि तेव्हापासून वीणा ‘बसक्या आवाजाची’ झाली आहे. मला तुमच्या पत्रातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला, आणि त्याकडे मी शेवटी येणार आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. मी या कामात पस्तीस वर्षे आहे. माझ्या घराण्यात हा व्यवसाय नव्हता. मी मिरजेत एका कारखान्यात शागिर्द म्हणून राहिलो आणि पुढे पुण्यात स्वतःची कार्यशाळा काढली. या काळात दोन मुलांची शिक्षणे आणि एक घर याच कामावर उभे राहिले. मात्र हे पैसे कुठून आले याचा हिशेब सांगितला तर तुम्हाला कदाचित आश्चर्य वाटेल. बहुतेक वर्षी माझ्या घरखर्चाचा अर्ध्याहून अधिक भाग दुरुस्तीतून निघाला आहे, आणि जी नवी वाद्ये विकली गेली त्यांतली बरीचशी दुरुस्तीसाठी आलेल्या माणसांनीच, किंवा त्यांनी पाठवलेल्या माणसांनी घेतली आहेत. ज्याला या व्यवसायात टिकायचे आहे त्याने आधी दुरुस्त करायला शिकावे, मग घडवायला आणि सर्वांत शेवटी विकायला. नवखे लोक नेमका याच्या उलट क्रम धरतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी दुकान बंद करतात.

यामागचे कारण वाद्याच्या स्वभावातच आहे. चांगला जमलेला तंबोरा पन्नास-साठ वर्षे सहज चालतो, आणि जपला तर त्याहूनही अधिक. गाणारा माणूस आयुष्यात एक जोडी घेतो, फार तर दुसरी. परंतु त्याच पन्नास वर्षांत त्या जोडीच्या तारा कितीतरी वेळा बदलाव्या लागतात, दर वर्षा-दोन वर्षांनी जवारी काढावी लागते (म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज जुळवावा लागतो), पावसाळ्यात खुंट्या फुगतात आणि उन्हाळ्यात सुटतात, कधी गळ्याचा सांधा उघडतो, तर कधी प्रवासात भोपळ्याला धक्का लागतो. म्हणजे एका गिऱ्हाइकाशी विक्रीचा संबंध एकदाच येतो आणि दुरुस्तीचा संबंध जन्मभर राहतो. ज्याच्याकडे केवळ विक्री आहे, त्याला दर महिन्याला नवा माणूस शोधावा लागतो.

मिरजेचा इतिहासही हेच सांगतो. तिथे वाद्ये घडवणारी घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणाऱ्यांची. शस्त्रांचे काम ओसरू लागले त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पटवर्धनांच्या संस्थानात गायक-वादकांचा राबता होता, त्यांची वाद्ये नादुरुस्त झाली तर जवळपास ती हाताळणारे कोणी नव्हते, आणि हे काम फरीदसाहेब आणि मोइनुद्दीन या शिकलगार बंधूंकडे आले असे सांगितले जाते. दुसऱ्याने घडवलेले वाद्य उघडून, ते आतून पाहून, त्याचा दोष शोधता शोधता त्यांना ते घडवता येऊ लागले, आणि पुढे ‘सितारमेकर’ हे आडनावच झाले. पुढच्या पिढीत मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ हे गायक असूनही स्वतःच्या तंबोऱ्यांची जवारी स्वतः काढत आणि वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. त्यांचे निधन १९३७ साली झाले. त्यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी संगीतसभा होते, आणि त्या दिवसांत गावातल्या कारागिरांच्या ओट्यावर बसलेले गायक पाहिले की घडवणारा आणि वाजवणारा यांच्यात किती कमी अंतर असावे लागते हे समजते. तुम्ही एकदा त्या सभेच्या वेळी मिरजेला जाऊन याच.

आता घडवण्याच्या कामाविषयी. तुम्ही सुतार आहात याचा फायदा निश्चित होईल, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. तंबोऱ्याचा निम्मा आवाज ज्या वस्तूतून येतो ती लाकूड नसून भोपळा आहे. हा कडू भोपळा मुख्यत्वे पंढरपूर-मंगळवेढा भागात, भीमेच्या काठच्या शेतांतून पिकतो, आणि तिथूनच तो मिरजेप्रमाणे कोलकात्यापर्यंतही जातो. फळ वेलावर असताना शेतकऱ्याला ते जमिनीवर नीट बसवावे लागते, त्याची बूड सडू नये म्हणून खाली गवत घालावे लागते, आणि पूर्ण जून होऊन वाळेपर्यंत थांबावे लागते. कच्चा तोडलेला भोपळा पुढे सुरकुततो आणि त्याची भिंत पातळ राहते. ऐन हंगामात अवकाळी पाऊस झाला किंवा नदीचे पाणी शेतात शिरले की त्या वर्षी मोठ्या घेराचे फळ मिळणे कठीण होते, आणि त्याचा फटका कारागिराला पुढची दोन वर्षे बसतो. म्हणून जाणता कारागीर चांगल्या वर्षी जास्तीचे भोपळे घेऊन माळ्यावर ठेवतो. बोटांच्या पेरांनी भोपळ्यावर टिचकी मारून त्याची भिंत कुठे जाड, कुठे पातळ हे ओळखायला मला दोन वर्षे लागली. माझे उस्ताद शंभर फळांच्या ढिगातून अर्ध्या तासात आठ बाजूला काढत, आणि पुढे तयार झालेल्या तंबोऱ्यांत त्या आठांचाच आवाज सरस निघे.

भोपळा पाण्यात भिजवून कापायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, तोंडाला आतून काठ्यांचा आधार देऊन हवा तो आकार येईपर्यंत वाळवायचा, मग त्याला लाकडी गळा जोडायचा, गळ्याला पोकळ दांडी, आणि भोपळ्याच्या तोंडावर तबली, म्हणजे लाकडाचे पातळ झाकण. लाकूड प्रामुख्याने तुणीचे वापरतात. ते हलके असते, कोरायला सोपे जाते आणि मुरले की वळत नाही. फर्निचरच्या कामात तुम्ही दोन भाग घट्ट आणि कायमचे जोडायला शिकला आहात. इथे सांधा घट्ट हवा, पण कायमचा असून चालत नाही, कारण तीस वर्षांनी कोणीतरी तो उघडणार आहे. यासाठी जुने कारागीर जनावराचा सरस वापरत आले. तो ऊब आणि ओल दिली की सुटतो, लाकडाची धार न मोडता सांधा मोकळा होतो, आणि पुन्हा लावता येतो. आजच्या डिंकांनी सांधा मजबूत होतो हे खरे, पण तो उघडायची वेळ आली की लाकूडच फाटते. हाताने तासलेली तबली किती जाड ठेवायची याचे मोजमाप मी तुम्हाला मिलिमीटरमध्ये सांगू शकत नाही, कारण ती प्रत्येक भोपळ्याला वेगळी लागते. ती थोपटत, ऐकत, पुन्हा पटाशी फिरवत ठरवावी लागते.

आणि मग येते जवारी. मला विचाराल तर आमच्या व्यवसायाचा प्राण हाच आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिच्या माथ्याला अतिशय सूक्ष्म उतार असतो, आणि तार कंप पावताना त्या उतारावर किंचित घासत, टेकत, सुटत राहते. तारेखाली सुताचा धागा पुढे-मागे सरकवून ती नेमकी कुठून सुटावी हे ठरवतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांविषयी लिहिताना दाखवून दिले की, तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूमुळे जे उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे बारीक स्वर) नियमाप्रमाणे ऐकू येऊ नयेत, तेदेखील तंबोऱ्यात आणि वीणेत ठळकपणे ऐकू येतात, आणि याचे कारण या घोडीच्या घडणीत आहे. कारागिराच्या भाषेत सांगायचे तर, खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे वेगळा न छेडता आपोआप निघणारा गंधार, स्पष्ट उमटला पाहिजे आणि चारही तारा एकमेकींत मिसळून अखंड झंकार राहिला पाहिजे. हे साधण्यासाठी घोडीचा माथा बारीक कानशीने, मग पॉलिश पेपरने घासायचा. एकेका वेळी दोन-चार हात, मग तार चढवायची, सुरात लावायची, ऐकायचे, पुन्हा उतरवायची. एका घोडीवर कधी एक तास जातो, तर कधी अख्खा दिवस.

या कामात माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. स्वतंत्र काम सुरू केल्याच्या दुसऱ्या वर्षी एका वयोवृद्ध गायिकेने आपल्या गुरूंचा तंबोरा माझ्याकडे दिला. आवाज थोडा बंद झाला होता, एवढेच. मला तो ‘खुला’ करून दाखवायचा होता, म्हणून मी घोडी जरुरीपेक्षा जास्त घासली. आवाज मोठा झाला, पण त्यातला गोडवा आणि लांबणारा झंकार गेला, आणि घोडीचे घासून गेलेले हाड परत चढवता येत नाही. बाईंनी तंबोरा ऐकला, काही वेळ गप्प राहिल्या, आणि म्हणाल्या की हा माझ्या गुरूंचा आवाज नाही. मी नवी घोडी बसवून दिली, पैसे घेतले नाहीत, तरी जे गेले ते गेलेच. त्या दिवसापासून मी नियम केला आहे की वाद्य हातात घेतल्यावर प्रथम मालकाला ते वाजवायला आणि गायला सांगायचे, त्याला कोणता आवाज हवा आहे तो ऐकायचा, आणि मगच अवजार उचलायचे. कोणाला खुली जवारी लागते, कोणाला गोल आणि बंद. काळी एकला (म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून) गाणाऱ्या पुरुषाची आणि काळी चार-पाचला गाणाऱ्या स्त्रीची गरज वेगळी असते. तुम्ही भजनात गाता, सुरात आहात की नाही हे तुम्हाला कळते. माझ्या मते तुमच्याकडची ही पुंजी आयटीआयच्या प्रमाणपत्रापेक्षा मोठी आहे.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तीन लाखांचे दुकान आत्ता घालू नका. तंबोरे, सतारी, हार्मोनियम आणि तबल्याचे दोन-चार जोड भरले की ती रक्कम संपते, आणि तो माल विकला जाईपर्यंत भाडे द्यायला काही उरत नाही. शिवाय तुम्ही ज्याच्याकडून माल आणाल त्याच्याच किमती गिऱ्हाईक फोनवर पाहून आलेले असेल. तुमच्याकडे त्याला न मिळणारे असे काही असावे लागेल, आणि ते म्हणजे वाद्य लावून देणारा, बिघडले तर त्याच दिवशी पाहणारा माणूस. मोठ्या शहरांतली जी जुनी दुकाने टिकली आहेत, त्यांपैकी दादरचे हरिभाऊ विश्वनाथ हे १९२५ पासूनचे नाव बहुतेकांना ठाऊक असेल. अशा दुकानांच्या मागे त्यांचे स्वतःचे कारागीर असतात, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

उलट दिशेची चूकही होते, ती म्हणजे सगळा माल दुसऱ्या दुकानदाराच्या भरवशावर घडवणे. सुरुवातीच्या काळात मी एका परगावच्या व्यापाऱ्याकडे सहा तंबोरे ‘विकले की पैसे’ या बोलीवर ठेवले होते. चार विकले गेल्याचे मला वर्षभराने तिसऱ्याच माणसाकडून कळले; पैसे अर्धे मिळाले, आणि उरलेले दोन तंबोरे उन्हात ठेवून तबल्या उललेल्या अवस्थेत परत आले. दोष काही अंशी माझाही होता, कारण मी काहीच लिहून घेतले नव्हते. आता माल देताना मी अर्धी रक्कम आधी घेतो, उरलेली तीन महिन्यांत, आणि वाद्य परत आले तर त्याची स्थिती काय असावी हेही कागदावर लिहितो. दुसरी एक गोष्ट तुम्हाला लवकरच भेटेल: काही शिकवणारे लोक विद्यार्थ्याला तुमच्याकडे पाठवून त्याबद्दल टक्केवारी मागतील. मी ती कधी दिली नाही. टक्केवारी द्यायची म्हणजे ती किमतीत चढवायची, किंवा लाकडात आणि वेळेत वसूल करायची, आणि दोन्ही गोष्टी अखेर त्या विद्यार्थ्याच्याच अंगावर येतात. यामुळे काही गिऱ्हाइके गेली. जी राहिली त्यांची तिसरी पिढी आता येते.

मग करावे काय? नोकरीतून काही रक्कम साठवून दोन ते तीन वर्षे एखाद्या कारखान्यात राहा. पहिले वर्ष बहुधा झाडलोट, भोपळे साफ करणे, पॉलिश पेपर मारणे आणि खुंट्या घासणे यातच जाईल, आणि मिळणारा पैसा तुमच्या आजच्या पगारापेक्षा नक्कीच कमी असेल. हे वडिलांना आधीच स्पष्ट सांगा, आणि त्यांचे तीन लाख या काळात घराला आधार म्हणून राहू द्या. दुसऱ्या वर्षी तारा आणि सांधे, तिसऱ्या वर्षी उस्तादांच्या शेजारी बसून जवारी. चपडा लाखेचे पॉलिशही तिथेच नीट शिका. दमट हवेत ते पांढुरके पडते, म्हणून आषाढ-श्रावणात कोणत्या वेळी हात फिरवायचा हे पुस्तकातून कळणारे नाही. याच्याच जोडीला हार्मोनियमची प्राथमिक दुरुस्ती शिकून घ्या असे मी आग्रहाने सांगेन. तुमच्या भागात घराघरांत आणि देवळादेवळांत पेटी आहे. भाता फाटतो, सूर उतरतात, पट्ट्या अडकतात. पितळी सुराच्या जिभेचे टोक घासले की सूर चढतो आणि मुळाशी घासले की उतरतो, हे तत्त्व सोपे आहे, पण जीभ न दुखवता ते करणे सरावाचे आहे. साताऱ्यासारख्या ठिकाणी पहिली दोन वर्षे तुमची चूल पेटी पेटवेल, तंबोरा नाही.

वर्षाचे चक्रही समजून घ्या. आषाढी वारीच्या आधी वीणा, पखवाज आणि टाळ यांची धांदल असते. चातुर्मासात सप्ताह सुरू होतात. गणपतीच्या आधी ढोल-ताशांचे दिवस. पुण्यात डिसेंबरातल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या आसपास आणि पुढे फेब्रुवारीपर्यंत मैफलींचा हंगाम, तेव्हा माझ्याकडे जवारीसाठी तंबोऱ्यांची रांग लागते. चैत्र-वैशाखात काम मंदावते. तो काळ नवी वाद्ये घडवण्यासाठी उत्तम, कारण लाकूड आणि भोपळा दोन्ही कोरडे असतात. जो हे चक्र ओळखून पैसे राखून ठेवत नाही, तो वैशाखात वाद्य पडेल भावाने विकतो. २०१९ चा कृष्णेचा महापूर आणि २०२० मधील टाळेबंदी यांनी हेही शिकवले की किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नवा माल घडवायला घेऊ नये. टाळेबंदीत माझी नवी विक्री जवळजवळ थांबली होती, पण घरी बसलेल्या लोकांनी माळ्यावरची जुनी वाद्ये काढली, आणि बंदी उठताच ती दुरुस्तीला आली.

मोबाइलमधल्या तानपुऱ्याविषयी वडिलांची शंका रास्त आहे, आणि तिला खोटा धीर देणार नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा काही आजचा नाही. बंगळूरचे अभियंता आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी तो १९७०च्या दशकाच्या अखेरीस तयार केला, आणि तेव्हापासून रोजच्या रियाजातला खऱ्या तंबोऱ्याचा मोठा हिस्सा त्याने आणि पुढे मोबाइलने घेतला. शिकाऊ विद्यार्थ्यासाठी पूर्वी खपणारा स्वस्त, हलका तंबोरा आता फारसा खपत नाही, आणि तुम्ही त्या मालाच्या मागे लागू नये. परंतु मैफलीत गायकाच्या मागे आजही तंबोऱ्याची जोडीच असते, आणि जो विद्यार्थी पाच-सात वर्षे मनापासून शिकतो तो एके दिवशी गुरूच्या मागे तंबोरा धरून बसतो, आणि यंत्रात न सापडणारे काहीतरी त्याच्या कानाला सापडते. तो माणूस तुमचे गिऱ्हाईक आहे. संख्येने ही माणसे थोडी आहेत, पण ती नीट ऐकणारी असल्यामुळे हलका माल त्यांच्यापुढे चालत नाही आणि चांगल्या मालाचे मोल ती देतात.

कायद्याच्या काही बाबी तुम्हाला आरंभीच माहीत असाव्यात, कारण जुन्या कारागिरांकडून त्या नेहमी सांगितल्या जात नाहीत. पूर्वी घोडी आणि नक्षी हस्तिदंताची, किंवा घोडी सांबरशिंगाची करत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्या यांमुळे हे साहित्य घेणे-विकणे गुन्हा आहे. आता उंटाचे हाड, शिसवासारखे कठीण लाकूड किंवा कृत्रिम साहित्य वापरतात. कोणी ‘जुने शिल्लक आहे’ म्हणून तुकडा देऊ केला तरी हात लावू नका. गोव्यातल्या घुमटकारांना यातून अधिक कठीण वाट काढावी लागली, कारण घुमटाच्या तोंडावर घोरपडीचे कातडे ताणण्याची रूढी होती. आज तिथे बकऱ्याचे कातडे वापरतात आणि घुमट वाजतच आहे. परदेशी विक्री करायची झाली तर लाकडाचाही विचार लागतो: शिसव-शिसम ज्या वंशातले (डालबर्जिया), त्या संपूर्ण वंशावर जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, आणि नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत खुंट्या शिसमाच्या आहेत एवढ्यावरून पार्सले अडकत होती. म्हणून प्रत्येक वाद्यासोबत कोणता भाग कोणत्या लाकडाचा हे लिहून ठेवण्याची सवय लावून घ्या.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेत शिकून साताऱ्यात घडवलेला तंबोरा तुम्हाला ‘मिरजेचा’ म्हणून विकता येणार नाही, हा त्याचा तुमच्यापुरता अर्थ; त्यावर तुमचे आणि तुमच्या गावाचेच नाव घाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत वाद्यकारागीर असा वेगळा व्यवसाय नाही, पण सुतार आहे. स्वतःचे काम सुरू केल्यावर तुम्ही त्यात नाव नोंदवू शकता. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे, आणि दुरुस्तीची छोटी कार्यशाळा उभी करायला एवढे पुरते. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा हाताने घडवलेली देशी वाद्ये करमुक्त यादीत ठेवली गेली, परंतु तारा, पेट्या, यंत्रे यांचे तसे नाही, म्हणून एखाद्या हिशेबनिसाकडून दर वर्षी ते तपासून घ्या.

परदेशातल्या मराठी आणि इतर भारतीय कुटुंबांकडून मागणी येते, पण नवख्याने लगेच तिकडे वळू नये. भोपळा प्रवासात फुटतो, आणि थंड देशांत घरे तापवून हवा इतकी कोरडी केलेली असते की सांधे उघडतात. तिथे तुम्ही जाऊन दुरुस्ती करू शकत नाही. मी पाठवतो ते वाद्य दोन उन्हाळे मुरलेलेच असते.

आता तुमच्या देवळातली वीणा. तिचा आवाज बसला याचे कारण असे की भुसा आणि फेव्हिकॉल यांचा तो जाड थर भोपळ्याच्या भिंतीला तेवढ्या भागात जड करून हलू देत नाही, आणि बहुधा तडेची टोके अजून आत पुढे सरकत असतील. तो थर खरवडून काढायचा प्रयत्न करू नका, पाणी लावू नका, आणि तारा पूर्ण उतरवू नका. फक्त निम्म्याने सैल करा, म्हणजे तबलीवरचा ताण कमी होईल. सप्ताहात ती उभी धरणाऱ्या माणसाला विचारा की पूर्वी ती कशी वाजत होती, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून आणा. दिवाळीनंतरच्या कोणत्याही मंगळवारी वीणा गोधडीत गुंडाळून माझ्या कार्यशाळेत या. थर मी काढीन. तड आतून कापडाची पट्टी आणि सरस लावून तुम्हीच बुजवायची, आणि जवारीच्या वेळी धागा तुम्ही सरकवायचा. खर्जातून गंधार कधी उमटतो हे तुम्हाला माझ्याआधी ऐकू आले, तर मिरजेला कोणाकडे जायचे ते मी त्याच दिवशी सांगेन.